जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतोय, पाणी मुरलंय का ते कसं ओळखायचं?

आभा_टॅकोमा (४ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. इथे कॅम्पिंगवाले बरेच दिसतात म्हणून विचारते. तीन उन्हाळे तंबूत काढल्यावर नवऱ्याची पाठ आणि माझा संयम दोन्ही संपलेत. ट्रक आहेच, त्यामुळे आता मागे ओढायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घ्यायचं ठरलंय. नवा परवडत नाही. एक बघून ठेवलाय: २०१६चा, २४ फुटी, एक स्लाइड-आउट (भिंतीचा बाहेर सरकणारा भाग), मालक साडेचौदा हजार डॉलर सांगतोय. फोटोत आतून अगदी चकाचक आहे. भिंतींना नवा पांढरा रंग, खाली नवं व्हिनाइल, खिडकीत दिव्यांच्या माळा. वर जाहिरातीत लिहिलंय की 'छप्पर नुकतंच सील केलं आहे.'

शेजारचे आजोबा म्हणाले, बाकी सगळं सोड, आधी पाण्याचं बघ. टायर, ब्रेक, फ्रिज नवरा बघेल. पण पाणी मुरलंय हे कळायचं कसं? शनिवारी बघायला जातोय.

बटाटेवडा (४ ऑक्टोबर)

सोप्पंय. पावसात आत झोपायचं. नाकावर थेंब पडला की ट्रेलर गळका.

कौलारू (४ ऑक्टोबर)

वडा, नाकावर थेंब पडेपर्यंत थांबलास तर ट्रेलरमध्ये घेण्यासारखं काही उरलेलं नसेल. घराच्या छपरातून पाणी आलं की ते खाली टपकतं, आपण बादली ठेवतो. ट्रेलरच्या भिंतीची जाडी दीड-दोन इंच. छपराच्या कडेला बारीकशी भेग पडली की पाणी आत न टपकता भिंतीच्या आतून खाली उतरतं आणि जमिनीच्या प्लायवूडमध्ये मुरतं. वरून सगळं कोरडं दिसतं. दोन-तीन वर्षांनी पलंगाखालच्या कोपऱ्यात पाय रुततो तेव्हा कळतं. तोवर आतली लाकडी चौकट हाताने भुगा करण्याइतकी कुजलेली असते.

आभा, आमचं मूळ घर रत्नागिरीजवळ. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. दर आगोटीला कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या. 'यंदा गळत नाहीये ना, मग राहू दे' असं आजोबांनी कधी म्हटलं नाही. इथे पोर्टलंडला ट्रेलर घेतला तेव्हा मला वाटलं, अमेरिकन वस्तू आहे, कारखान्यातून सील होऊन आलीय, आपल्याला काय करायचंय. तिथेच चुकलं. घर एका जागी उभं असतं. ट्रेलर महामार्गावर ताशी ६० मैलांनी हादरत जातो, म्हणजे रोज भूकंप. स्क्रू सैल होतात, सांधे हलतात, ते बुजवणारं सीलंट उन्हाने सुकतं आणि तडकतं. सीलंट हा टायरसारखा झिजणारा माल आहे असंच समजायचं.

शनिवारी जायच्या आधी एवढं कर. मालकाला सांग, आम्ही छपरावर चढून बघणार, शिडी आणतो. त्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते बघ. आणि जमलं तर दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा. तुमच्याकडे वॉशिंग्टन राज्यात ऑक्टोबरात ते अवघड नाही.

मृण्मयी_ह्यूस्टन (५ ऑक्टोबर)

नवा रंग आणि नवी जमीन वाचून माझ्या पोटात गोळा आला गं. आमचा पहिला ट्रेलर असाच 'सजवलेला' होता. घेणाऱ्याला घर आवडतं, मग तो छप्पर बघत नाही, हे विकणाऱ्याला बरोब्बर ठाऊक असतं. मी स्वतः पडदे बघून भाळले होते, खोटं कशाला बोलू.

चार महिन्यांनी बाहेरच्या भिंतीवर फुगवटा आला. परातीएवढा. बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासच्या भिंती असतात ना, त्या म्हणजे सँडविच असतं: बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, मग पातळ प्लाय, मध्ये फोम, आत पुन्हा प्लाय, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. पाणी शिरलं की प्लायचे पदर सुटतात आणि बाहेरचा पत्रा फुगतो. एकदा सुटलेली भिंत नीट चिकटत नाही. गॅरेजवाल्याने ९,००० डॉलर सांगितले, ट्रेलर घेतला होता ११,०००ला. विमा कंपनी म्हणाली, झाडाची फांदी पडून भोक पडलं असतं तर दिले असते, हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे देत नाही. पॉलिसीत तसं लिहिलेलंच होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

फुगवटा समोरून दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात भिंतीला गाल लावून लांबवर बघायचं, कॅरमबोर्डाची पातळी बघतो तसं. आणि बोटाच्या पेरांनी ठोकत जायचं. चांगली भिंत टकटक वाजते, सुटलेली भदभद.

निरीक्षक_मी_नाही (५ ऑक्टोबर)

मी मिशिगनमध्ये, एल्कहार्टपासून तासाभरावर. इंडियानातलं हे गाव म्हणजे अमेरिकेतल्या आरव्ही (ट्रेलर, मोटरहोम वगैरे) धंद्याची राजधानी. मित्र तिथल्या एका कारखान्यात होता. त्याचं म्हणणं, दिवसाला किती ट्रेलर बाहेर पडले यावर सगळं चालतं आणि सीलंटची बंदूक धरणाऱ्या हाताला घाई असते. त्यामुळे नवा घेतला म्हणजे सुटलो असंही नाही. दारावर आरव्हीआयएचा, म्हणजे आरव्ही उद्योगाच्या संघटनेचा, शिक्का दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो वीज, गॅस, नळ, आग यांच्या सुरक्षेच्या नियमांचा आहे. छप्पर गळणार नाही याची हमी त्यात नाही.

मृण्मयींनी सांगितला तो भिंतींचा एक प्रकार. दुसरा म्हणजे लाकडी चौकट आणि वर पन्हळीदार ॲल्युमिनियमचा पत्रा. हा फुगत नाही, त्यामुळे बाहेरून काहीच चुगली करत नाही. आत मात्र निवांत कुजत असतो. दुरुस्ती मात्र सोपी: पत्रा उघडा, कुजकं लाकूड काढा, नवं घाला. हाताने काम करायची हौस असेल तर हा प्रकार बरा. तिसरा, सगळ्यात कमी सांध्यांचा, म्हणजे फायबरग्लासची दोन टरफलं मध्ये जोडलेली. स्कॅम्प, कसिटा, कॅनडाचा जुना बोलर. यांनाही खिडक्या आणि छपरावरची भोकं असतातच, पण चार कोपऱ्यांचे सांधे नाहीत. लहान असतात आणि जुने झाले तरी महाग विकले जातात. का, ते उघड आहे.

आभा, मॉइश्चर मीटर घ्या. दोन सुया असलेला, ३०-४० डॉलरला मिळतो. कपाटाच्या आत, पलंगाखाली, जिथे भोक दिसणार नाही तिथे टोचा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: आधी ट्रेलरच्या मधल्या भिंतीवर टोचून 'कोरडं' म्हणजे किती ते ठरवा, मग कोपरे बघा. साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नको, २०च्या वर गेलं की तिथे पाणी पोचतंय. बिनसुयांचा मीटर मागे धातूची पट्टी आली की उगाच ओरडतो.

नागपुरी_मिनेसोटा (५ ऑक्टोबर)

सगळे छपराच्याच मागे लागून राहिले. अरे, नळाचं पण बघा ना! आमच्याकडे उणे ३०ला पाईपात राहिलेलं पाणी गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं, अन् फिटिंग तडकते. वसंतात पाणी सोडलं की भिंतीच्या आत कारंजं. बाहेर एक थेंब दिसत नाही.

जुना ट्रेलर बघायला गेलात की मालकाला टाकीत पाणी भरून ठेवायला सांगा. सगळे नळ बंद करून पंप चालू करायचा. घर्रर्र करेल, दाब भरला की गप्प बसेल. आता दहा मिनिटं गप्पा मारा. पंप मधेच आपोआप पुन्हा घुरघुरला तर पाणी कुठं तरी जाऊन राहिलं. पंपाची झडप खराब असली तरी असं होतं, पण ते सिद्ध करायचं काम मालकाचं, तुमचं नाही. नंतर सिंकखाली, कमोडच्या मागे, हीटरच्या मागे टिश्यू पेपर फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागद दाखवतो.

आभा_टॅकोमा (५ ऑक्टोबर)

बाप रे. मी वहीच काढली. कौलारूकाका, छपरावर चढल्यावर नक्की काय बघायचं?

कौलारू (६ ऑक्टोबर)

काका काय, पन्नाशीसुद्धा गाठली नाही अजून. असो.

आधी चढायचं कसं ते. काही ट्रेलरांचं छप्पर माणसाचं वजन घेणारं नसतं. मागे कारखान्याने लावलेली शिडी असेल तर बहुधा घेतं, तरी प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर गुडघ्यांवर बसायचं. छपरावरच्या रबरी आवरणावर ते ओलं असताना पाय ठेवायचा नाही, साबणासारखं घसरतं. शंका असेल तर बाहेर शिडी लावून कडेनेच बघायचं.

छपराचं रबर मध्यभागी क्वचितच फाटतं. पाणी जातं ते जिथे कुणी भोक पाडलंय तिथून. पंखा, एसी, बाथरूमचा छतातला झरोका, गटाराच्या पाईपाचं टोपण, अँटेना, सोलर पॅनलचे पाय. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे पुढची कड, जिथे छप्पर पुढच्या भिंतीला मिळतं. चालताना पावसाचा मारा तिथेच बसतो. या सगळ्या जागी पांढऱ्या सीलंटच्या जाड रेघा असतात. त्यांत केसाएवढी भेग, कड उचललेली, किंवा बोटाने दाबल्यावर खालचं लाकूड दबलं, तर समजायचं. लाकूड दबणं ही भेगेपेक्षा वाईट बातमी. भेग ५० डॉलरची, लाकूड हजारोंचं.

'नुकतंच सील केलंय' याचा एक अर्थ मालक काळजीवाहू आहे. दुसरा अर्थ, गळत होतं म्हणून वरून थापलंय. सगळ्या छपरावर जुनं-नवं सीलंट एकसारखं दिसलं तर पहिला. एकाच कोपऱ्यावर लोण्याचा गोळा फासल्यासारखं दिसलं तर दुसरा.

छपरावरून उतरलीस की कोपऱ्यांच्या उभ्या ॲल्युमिनियम पट्ट्या बघ. त्यात प्लास्टिकची फीत बसवलेली असते. मालकाला विचारून वीतभर फीत ओढ. आतले स्क्रू चकचकीत असतील तर छान. गंजून लाल झाले असतील तर पाणी त्यांच्यापर्यंत रोज पोचतंय. पट्टीच्या मागे ब्यूटिल टेप असते, च्युइंगमसारखी. ती सुकली की भेगाळते.

आणि आतून, पंख्याच्या छतातल्या चौकोनी भोकाची प्लास्टिकची चौकट चार स्क्रूंवर असते. ती उतरवली की छपराच्या लाकडाची कापलेली कड उघडी दिसते. काळी पडलेली, फुगलेली, की कोरडी पिवळी, एका नजरेत कळतं. एक्स-रेच म्हण ना. मी हे पहिल्या खरेदीच्या वेळी केलं असतं तर आज माझ्याकडे चार हजार डॉलर जास्त असते.

जुगाड_जर्सी (६ ऑक्टोबर)

इतकं घाबरवू नका हो बाईंना. मी बाथरूमसाठी आणलेलं सिलिकॉन छपरावर मारलं, दोन वर्षं झाली, थेंब नाही. पाच डॉलरात काम.

कौलारू (६ ऑक्टोबर)

तिसऱ्या वर्षी भेटू. सिलिकॉन रबराच्या छपराला धड धरत नाही, आणि पुढे खरं सीलंट लावायला गेलात तर सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. पहिलं खरवडून काढण्यात तुमचे दोन शनिवार जातील. छपराच्या आडव्या भागाला आपोआप पसरणारं सीलंट मिळतं, डायकॉरचं किंवा तसलं दुसरं. उभ्या भिंतींना न ओघळणारं. दोन्ही वेगळी. ट्यूबवर लिहिलेलं असतं, तरी लोक पसरणारं भिंतीवर लावतात आणि मग त्याची पाणीपुरीच्या पाण्यासारखी ओघळ बघत बसतात.

जुगाड_जर्सी (६ ऑक्टोबर)

बघू तिसऱ्या वर्षी. पण आजपर्यंतचा स्कोअर माझ्या बाजूने.

मृण्मयी_ह्यूस्टन (६ ऑक्टोबर)

जुगाडभाऊ, जिथे झिरपतंय ते दिसत नाही, म्हणूनच तर हा सगळा धागा आहे ना! कपाट उघडून नाक आत घाला एकदा.

आभा, नाकावरून आठवलं. दार उघडल्या उघडल्या पहिला श्वास महत्त्वाचा. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला तर तिथेच पाऊल मागे. आणि उलट, आत सुगंधी मेणबत्त्या आणि फवारे दरवळत असतील तरीही.

आभा_टॅकोमा (९ ऑक्टोबर, रात्री)

जाऊन आलो. सांगते.

दार उघडलं तर लॅव्हेंडर! दोन मेणबत्त्या पेटवलेल्या. मृण्मयी, मला हसू आवरेना. मालक बिचारा गोड माणूस, त्याने मार्चमध्येच कुणाकडून तरी घेतलेला. छपरावर जा म्हणाला, अजिबात खळखळ केली नाही. नवरा चढला. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर वीतभर लांब लोण्याचा गोळा, बाकी सीलंट जुनं, राखाडी, भेगाळलेलं. मी खाली पलंगाची गादी उचलून त्या कोपऱ्यात मीटर टोचला. मधल्या भिंतीवर ११ दाखवत होता, तिथे ३४. मला वाटलं मीटरच बिघडला, म्हणून पुन्हा मधल्या भिंतीवर टोचला, ११. नवं व्हिनाइल पलंगाखालपर्यंत गेलंच नव्हतं. जिथे संपलं तिथे प्लायवूड चॉकलेटी होतं आणि पेचकस अंगठाभर आत गेला. दाबलाही नव्हता, नुसता टेकवला होता.

मालकाला दाखवलं. तो खरंच पांढरा पडला. त्यालाही माहीत नव्हतं. त्यानेही पडदेच बघितले होते बहुतेक.

घेतला नाही. घरी येताना नवरा अर्धा तास गप्प होता, मग म्हणाला, तंबू तसा वाईट नाही.

बटाटेवडा (९ ऑक्टोबर)

४० डॉलरच्या मीटरने साडेचौदा हजार वाचवले. मीटरला पेढा भरवा.

शिरवळचा_सुरेश (१० ऑक्टोबर)

मी पुण्याजवळून वाचतोय. इकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आम्ही मित्र टेम्पोवर कॅरॅव्हॅन बांधून घ्यायचं म्हणतोय. वरती एसीचं भोक पाडायचं का, हा वाद चालू आहे. हा धागा वाचून मी 'नको' पार्टीत गेलो.

निरीक्षक_मी_नाही (१० ऑक्टोबर)

सुरेश, पाडायचंच असेल तर भोकाभोवती छप्पर किंचित उंच ठेवा, पाणी साचायला नको. एसीखालची फोमची गॅस्केट छपरावर पडलेल्या दाबाने चपटी होते, तिचे चार बोल्ट आतून असतात. वर्षातून एकदा ते तपासायचे. फार आवळले तर गॅस्केट पार चिरडते, सैल राहिले तर पाणी. कोकणातल्या पावसात नेणार असाल तर स्प्लिट एसी भिंतीवर लावलेला परवडला.

आभा, पुढच्या ट्रेलरला निरीक्षक लावा. एनआरव्हीआयए नावाची निरीक्षकांची संघटना आहे, तिच्या प्रमाणपत्राचे लोक मिळतात. काही जणांकडे दाब देऊन तपासायचं यंत्रही असतं: पंखा लावून आतली हवा किंचित दाबतात आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारतात. जिथे भेग तिथे बुडबुडा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तेच, फक्त २४ फुटी.

नागपुरी_मिनेसोटा (१० ऑक्टोबर)

निरीक्षक बरा, पण विकणाऱ्यानेच सुचवलेला नको. ते लग्नात मुलाकडच्याने मुलीची पत्रिका बघून देण्यासारखं होईल.

आभा_टॅकोमा (२ नोव्हेंबर)

घेतला!!! २०१७चा, २१ फुटी, स्लाइड-आउट नाही (एक सांधा कमी, असा हिशेब केला), १३,२०० डॉलर. याकिमात सापडला, डोंगरांच्या पलीकडे. निरीक्षकाने साडेतीन तास घेतले. मीटर कुठेही १२च्या वर नाही. पंख्याचं लाकूड पिवळं कोरडं. पंप गप्प. याकिमात वर्षाला जेमतेम ८ इंच पाऊस, त्यामुळे कोरडा मिळाला.

मृण्मयी_ह्यूस्टन (२ नोव्हेंबर)

अभिनंदन!! पण थांब. कोरड्या मुलखातला म्हणजे लाकूड चांगलं, सीलंट चांगलं असेलच असं नाही. टेक्सासच्या उन्हात मी बघितलंय, ऊन सीलंटला पापडासारखं करतं. तिथे पाऊसच नाही म्हणून त्याची परीक्षाच झालेली नसते. टॅकोमात ४० इंच पडतो. पहिल्या आठवड्यात पेपर सुरू.

आभा_टॅकोमा (२ नोव्हेंबर)

😐 निरीक्षकाच्या अहवालात हेच आहे. 'सीलंट आयुष्याच्या शेवटी.' मी ते वाक्य आनंदात वाचलंच नव्हतं. अहवाल ६२ पानांचा आहे हो.

कौलारू (३ नोव्हेंबर)

मग गडबड नको, पण डिसेंबर उजाडायच्या आत कर. पन्नास फॅरनहाइटच्या वरचा, दोन दिवस कोरडा असलेला पट्टा शोध. छप्पर साबणाच्या पाण्याने धू. ईपीडीएम रबर असेल तर पेट्रोलियमवालं थिनर किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलाचं क्लीनर लावू नकोस, रबर फुगतं. जे जुनं सीलंट घट्ट चिकटलंय ते राहू दे, जे उचलतंय ते प्लास्टिकच्या पट्टीने काढ. लोखंडी खरवडणी वापरलीस तर छप्पर फाडशील. मग अल्कोहोलने पुसून नवं लाव. काही तासांत वर साय धरते, आतून पक्कं व्हायला महिना लागतो. २१ फुटाला पाच-सहा ट्यूबा, एक ट्यूब पंधरा-वीस डॉलर.

पुढच्या कडेवर चार इंची इटर्नाबाँड टेप लावायचा मोह होईल. मजबूत असते, मीही लावलीय. पण ती निघत नाही. खाली ओल राहिली असेल तर तिला कायमची कोंडशील. म्हणून आधी मीटर, मग टेप.

उभ्या कोपऱ्यांच्या पट्ट्या वसंतात. त्या काढून, जुनी ब्यूटिल खरवडून, नवी लावून परत स्क्रू मारायचे. कंटाळवाणं काम आहे. मी गेल्या वर्षी केलं, तीन शनिवार आणि एक भांडण.

नागपुरी_मिनेसोटा (३ नोव्हेंबर)

अन् पाईप रिकामे करायचे विसरू नको. टॅकोमात आमच्याइतकं गोठत नाही, पण एक रात्र पुरते. पाण्याचा हीटर बायपास करून (वगळून) पाईपांत गुलाबी अँटिफ्रीझ, दोन-तीन गॅलन. गुलाबी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉलवालं. गाडीचं हिरवं चुकूनही नाही, ते विष आहे. बाहेरचा शॉवर लोक हमखास विसरतात. मी विसरलो होतो. कॅम्पच्या नळाला लावायला पितळी प्रेशर रेग्युलेटर घे, ४५-५० पीएसआयचा. काही कॅम्पग्राउंडांत दाब शंभरावर जातो अन् ट्रेलरचे सांधे तेवढ्यासाठी नसतात.

जुगाड_जर्सी (३ नोव्हेंबर)

हिवाळ्यात निळी ताडपत्री टाकून मोकळे व्हा की.

निरीक्षक_मी_नाही (३ नोव्हेंबर)

ताडपत्री वाऱ्यात फडफडते आणि कोपऱ्यांवर रबर घासून टाकते. खाली दमटपणा कोंडतो तो वेगळाच. श्वास घेणारं कव्हर घ्या, नाहीतर सरळ उघडा ठेवा, पण नाक किंचित वर करून उभा करा म्हणजे पाणी साचणार नाही. आणि छपराच्या पन्हळीच्या टोकाला प्लास्टिकच्या चोची असतात, त्या तुटल्या असतील तर दोन डॉलरच्या नव्या लावा. त्या नसल्या की सगळं पाणी भिंतीवरून खिडकीच्या फटींत जातं. भिंतीवर काळे ओघळ दिसले की समजायचं चोच गेली.

आभा_टॅकोमा (२१ नोव्हेंबर)

केलं. सहा ट्यूबा. नवरा वर, मी शिडीवर, लेक खाली उभी राहून 'बाबा, इथे राहिलं' म्हणत. चार चोची बदलल्या. काल रात्री धुवांधार पाऊस. पहाटे साडेपाचला टॉर्च आणि मीटर घेऊन गेले, नाइटगाऊनवर रेनकोट. सगळीकडे ११-१२. शेजारचे आजोबा खिडकीतून बघत होते.

आभा_टॅकोमा (१४ मार्च)

मदत!!! पहिली सहल, समुद्रकाठी वेस्टपोर्टला. सकाळी खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी, कोपऱ्यातल्या कपाटाच्या आत भिंत ओली, गादीचा मागचा भाग दमट. रात्रभर पाऊस होता. कुठून येतंय कळत नाही. मला रडू येतंय.

कौलारू (१४ मार्च)

थांब. एकाच कोपऱ्यात की सगळ्या खिडक्यांवर?

आभा_टॅकोमा (१४ मार्च)

सगळ्या. पाचही.

कौलारू (१४ मार्च)

रात्री जेवायला काय होतं?

आभा_टॅकोमा (१४ मार्च)

वरणभात, बटाट्याची भाजी. का?

निरीक्षक_मी_नाही (१४ मार्च)

कुकर. गळती नाही ही. प्रोपेन जळताना स्वतःच पाणी तयार करतो, एक किलो गॅसमागे जवळपास १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात. त्यात कुकरच्या शिट्ट्या, चार माणसांचे श्वास, ओले रेनकोट, बंद खिडक्या. सगळी वाफ थंड ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाऊन बसते. गळती एका जागी येते, दव सगळीकडे पडतं. गादीखाली हवा खेळायला फळ्या किंवा जाळी टाका, कपाटाची दारं रात्री किलकिली ठेवा.

मृण्मयी_ह्यूस्टन (१४ मार्च)

शिट्ट्या किती केल्यास गं?

आभा_टॅकोमा (१४ मार्च)

चार. तूर जुनी होती.

कौलारू (१४ मार्च)

आज छपराचा पंखा लावून कर, एक खिडकी बोटभर उघडी ठेव, आणि सकाळी कळव.

आभा_टॅकोमा (१५ मार्च)

खिडक्या कोरड्या. कपाट कोरडं. तुम्ही दोघेही बरोबर.

फक्त पंखा बंद केला आणि त्याचं झाकण लावायला विसरलो. रात्री दोनला पाऊस आला, आणि वड्याने ऑक्टोबरमध्ये म्हटलं होतं तसा पहिला थेंब नवऱ्याच्या बरोब्बर नाकावर पडला. गादी उन्हात टाकलीय. वेस्टपोर्टला, मार्चमध्ये.

बटाटेवडा (१५ मार्च)

🙏